आजारपणामुळेच सोडून गेला का तो? तुम्ही विचारलंत म्हणून

माझा नवरा मला सोडून गेला, त्याबद्दलचा हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की आता विचारणाऱ्याचा चेहरा बघूनच कळतं. कुणी सरळ विचारतं, कुणी आडून. "आजारपणामुळेच गेला ना तो?" आणि त्याच्या मागोमाग, जरा आवाज खाली आणून, "मग आता पैशाचं कसं करतेस?" गेल्या आठवड्यात एकीने विचारलं, तिला स्वतःला ल्यूपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार, आणि नवरा हल्ली घरात असून नसल्यासारखा असतो म्हणाली. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून मोकळी झाले आणि नंतर रात्रभर ते टोचत राहिलं. म्हणून आज नीट लिहितेय.

मला एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण खराब करते, मग मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत उशिरा पोचतो किंवा पोचतच नाही. ११ वर्षं झाली. पहिली ७ लग्नात गेली, नंतरची ४ एकटीने.

आधी आजारपण आणि घटस्फोटाचे ते आकडे, कारण ते मलाही कुणीतरी पाठवले होते, तो गेल्यावर महिन्याभरातच. २००९ साली 'कॅन्सर' नावाच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, ब्रेन ट्यूमर, इतर कॅन्सर आणि एमएस मिळून ५१५ पेशंट. पेशंट बाई असेल तर जोडीदाराने साथ सोडण्याचं प्रमाण २०.८ टक्के, पुरुष असेल तर २.९. मी ते वाचून किती रडले असेन. पण त्याच अभ्यासात हेही आहे की सगळे पेशंट एकत्र धरले तर लग्न मोडण्याचं प्रमाण ११.६ टक्के होतं, म्हणजे आजार आला म्हणून सरसकट लग्नं मोडतात असं नाही, बहुतेक टिकली. आणि २०१५ मध्ये दुसरा एक अभ्यास खूप फिरला, बायको आजारी पडली की घटस्फोट वाढतात असं सांगणारा, तो तर त्याच वर्षी मागे घ्यावा लागला, कारण जी माणसं अभ्यास अर्ध्यात सोडून गेली त्यांनाच चुकून घटस्फोटित मोजलं होतं. दुरुस्त केल्यावर तो फरक फक्त बायकोला हृदयविकार असेल तेव्हाच उरला. हे सांगायचं कारण एवढंच की तुमचं लग्न आकड्यांवरून ठरवू नका. मी ठरवलं होतं, आणि त्यात माझे कितीतरी महिने गेले, आपलं हे होणारच होतं असं म्हणत नुसती पडून राहायचे.

माझ्या घरात काय झालं ते वेगळंच होतं. तो खूप करायचा. दर रविवारी रात्री माझा गोळ्यांचा डबा भरायचा, ७ वारांचे ७ कप्पे, सकाळ-संध्याकाळ, आणि झाकण लावताना प्रत्येक कप्प्यावर बोट टेकवून परत मोजायचा. शर्टाची बटणं लावून द्यायचा कारण माझ्या उजव्या हाताच्या बोटांना बटण लागतंय की काज हे कळायचंच नाही. पण हळूहळू आमचं बोलणं म्हणजे गोळी घेतलीस का, रिपोर्ट आला का, उद्या किती वाजता निघायचं एवढंच उरलं. मी त्याची पेशंट झाले आणि तो माझा अटेंडंट, आणि नवराबायको कधी संपलो ते दोघांनाही कळलं नाही. त्यात माझी नोकरी सुटली. मग मला त्याच्याकडे काही मागायचीच लाज वाटायला लागली, आणि पैसे मागायची लाज वाटते तशी मदत मागायचीही वाटते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. "कसं वाटतंय?" "ठीक आहे." रोज. दिवसभर भिंतीला धरून चालले असले तरी तो यायच्या आधी नीट बसून घ्यायचे, केस विंचरून.

एमएसच्या तिसऱ्या अटॅकनंतर, म्हणजे लक्षणं एकदम उसळली त्यानंतर, चौथ्या महिन्यात तो गेला. "मला आता जमत नाहीये" एवढंच म्हणाला. मी अजून काठीशिवाय चालत नव्हते. त्या वेळी जाणं चूक होतं, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते, आणि कुणी मला "त्याचीही बाजू समजून घे" म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी समजून घेतलीये. समजलं म्हणून ते बरोबर होत नाही.

आता पैशाचं. अपंगत्वाच्या भत्त्याचा पहिला अर्ज मी एकटीनेच भरला, तो गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात, आणि दुसऱ्याच पानावर अडकले. वैवाहिक स्थिती. विवाहित, अविवाहित, घटस्फोटित, विधवा. वेगळे राहतात असा चौकोनच नाही. पेन हातातून दोनदा पडलं, एकदा आजाराने आणि एकदा रडण्याने, आणि शेवटी मी विवाहितवर खूण केली. ही चूक मला महागात पडली, कारण मग घरचं उत्पन्न म्हणून त्याचा पगार धरला गेला, जो माझ्यापर्यंत येतच नव्हता. तर हे नीट ऐका. काही भत्ते तुमच्या नोकरीत कापलेल्या हप्त्यांवर मिळतात, काही अपंगत्वाचा जास्तीचा खर्च म्हणून उत्पन्न न बघता मिळतात, आणि काही अख्ख्या घराच्या उत्पन्नावर ठरतात. या तिसऱ्या प्रकारात जोडीदार गेला की सगळं गणित बदलतं. बऱ्याच ठिकाणी घटस्फोटाचा कागद नाही तर प्रत्यक्ष एका घरात राहता का ते बघतात, पण हे जागोजागी वेगळं असतं, म्हणून अर्ज करायच्या आधी विचारा, लेखी विचारा, आणि तो वेगळा राहायला लागल्याची तारीख कुठेतरी कागदावर येऊ द्या. पोटगी उत्पन्नात धरतात का तेही त्याच वेळी विचारून घ्या. आणि घरातली माणसं बदलली की लगेच कळवा, नाहीतर पुढे जास्त दिलेली रक्कम परत मागतात.

अर्ज नामंजूर झाला. कारण फक्त उत्पन्न नव्हतं. "चालता येतं का?" याच्यापुढे मी "हो" लिहिलं होतं. सवयच ती, ठीक आहे म्हणायची. पेशंटच्या एका गटातल्या ताईंनी माझा अर्ज वाचला आणि म्हणाल्या, "अगं, हे वाचून तर तू माझ्यापेक्षा धडधाकट वाटतेस." त्यांनी समजावलं की तपासणारा आजाराचं नाव बघत नाही, त्या आजारात तू काय करू शकतेस ते बघतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये अपंगत्वाची जी मांडणी केली तीही हेच सांगते, की नुसतं निदान नाही, शरीर, रोजचं काम आणि भोवतालची परिस्थिती हे सगळं मिळून अपंगत्व ठरतं. म्हणून चालता येतं का हा प्रश्न अर्धाच असतो. किती लांब? किती वेळात? पडायची भीती न बाळगता? तासाभराने परत चालता येईल? आणि उद्या?

त्यांनी ४ आठवडे वही ठेवायला सांगितली. त्यातलं एक पान मला अजून पाठ आहे. "आंघोळ, स्टुलावर बसून. पाणी थोडं जास्त गरम होतं. बाहेर आल्यावर डाव्या डोळ्याला धूसर. ४० मिनिटं पलंगावर, टॉवेलमध्येच. कपडे घालायला २५ मिनिटं, बटणं लावली नाहीत." अंग तापलं की एमएसची लक्षणं तात्पुरती वाढतात, श्रमाने नजर तात्पुरती धूसर होते हे तर उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच लिहून ठेवलंय, पण मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं की माझी सकाळ आंघोळीतच संपते. डॉक्टरांनाही नाही. त्यांच्या फाईलमध्ये पेशंट स्थिर आहे असं होतं, कारण मीच तसं सांगत आले होते. ती वही घेऊन गेले तेव्हा त्यांनी रिपोर्ट नव्याने लिहून दिला.

अपीलसोबत एक निवेदन हवं होतं, तुम्हाला रोज जवळून बघितलेल्या माणसाचं. ७ वर्षं कुणी बघितलं होतं? त्यालाच विचारावं लागलं. तो आला, आत आला नाही, दारातच उभं राहून सगळी पानं वाचली. आंघोळीच्या पानावर बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "हे तू मला कधी सांगितलंच नाहीस."

"नाही सांगितलं," मी म्हटलं.

त्याने तिथेच दाराच्या चौकटीवर कागद टेकवून दोन पानं लिहिली, बटणांचं, डब्याचं, रात्री पायात येणाऱ्या गोळ्यांचं, मला वाटलं नव्हतं त्याला इतकं आठवत असेल. सही केली आणि गेला. अपील मंजूर झालं. भत्ता फार नाहीये, पण भाडं आणि औषधं सुटतात आणि महिन्याच्या शेवटी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

तर आजारपणामुळेच गेला का तो? आजाराने दमवलं दोघांनाही. पण त्या वहीत जे होतं ते आम्ही दोघं आधी बोललो असतो तर कदाचित गेला नसता, कदाचित आधीच गेला असता, मला खरंच सांगता येत नाही. त्याने जायला नको होतं आणि मी सांगायला हवं होतं, ही दोन्ही वाक्यं मला खरी वाटतात आणि मी त्यातलं कुठलंच खोडत नाही.

आणि ल्यूपसवाल्या ताई, तुमचा नवरा अजून घरात आहे. वही आजपासूनच सुरू करा, अर्जासाठी तर लागेलच. पण तपासणाऱ्याच्या आधी ती त्यांना वाचायला द्या. त्यांनी काय म्हटलं ते मला कळवा, मी वाट बघतेय.