पंचवीस पट्ट्यांचा सिंथ: पहिले तीन महिने

आमच्या घरात पट्ट्या असलेल्या प्रत्येक वाद्याला कॅसिओच म्हणतात, वर नाव कुठलंही छापलेलं असो. परळच्या खोलीत मी कोर्ग मोनोलॉग हा सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे नॉब फिरवून आवाज स्वतः घडवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) घेऊन आलो तेव्हा आई म्हणाली, "एवढुसाच कॅसिओ? आणि यात तबला कुठाय?" तबला नाही, शहनाई नाही, बासरी नाही. एका वेळी वाजतो तोही एकच सूर. पंचवीस हजारांच्या आत हेच का घेतलं, ते आधी सांगतो.

पहिला घोळ मीही घातलाच होता. रोलँड एक्सपीएस-१० हा तयार आवाजांचा कीबोर्ड जवळपास ठरला होता. ६१ पट्ट्या, आपल्याकडचे टोन तयार. उद्या लग्नाच्या ऑर्केस्ट्रात उभं राहायचं असेल तर तसलंच काहीतरी घ्या, सिंथच्या नादी लागू नका. मला मात्र तयार आवाज नको होता, तो घडतो कसा ते बघायचं होतं. म्हणून दोन महिने लॅपटॉपवर व्हायटल आणि सर्ज एक्सटी ही सिंथची सॉफ्टवेअर वापरली, दोन्ही फुकट. तेवढ्यात एक कळलं: माझा माउस सारखा त्याच चार नॉबांकडे जायचा. कटऑफ (आवाजाची धार किती कापायची), रेझोनन्स (कापलेल्या जागी आवाज किती टोकदार करायचा), अटॅक (सूर किती झटकन उठतो), डिके (किती लवकर विरतो). मग हे चार नॉब बाहेर, हाताशी असलेलंच यंत्र हवं.

त्यावर यादी झपाट्याने आटली. मायक्रोकोर्ग २००२ पासूनचा, चार आवाज (म्हणजे एका वेळी चार सूर), व्होकोडर (बोलण्याला सिंथचा सूर देणारी सोय), सगळं खरं. पण आवाज बदलायचा तर आधी चकती फिरवून विभाग निवडा, मग त्याच पाच नॉबांवर काम भागवा. कोर्गच्याच व्होल्का कीज या छोट्या सिंथमध्ये तीन आवाज आहेत, पण पट्ट्या स्पर्शाच्या. आर्टुरिया कंपनीच्या मायक्रोफ्रीक सिंथचा आवाज मला आजही हवाय. त्याच्याही पट्ट्या म्हणजे सपाट पत्राच, काहीच खाली जात नाही. हार्मोनियमवर वाढलेली बोटं त्यावर चाचपडत राहिली.

उरला मोनोलॉग. "मोनो", म्हणजे एका वेळी एकच सूर, म्हणून सगळे नाक मुरडतात, मीही मुरडलं. मग लक्षात आलं, हार्मोनियमवर माझा उजवा हात तरी दुसरं काय करतो? चाल एकेरीच असते. पोर्टामेंटो (सूर घसरवायची सोय) ऑटोवर ठेवला की आधीची पट्टी न सोडता पुढची दाबल्यावर सूर घसरत जातो, आणि बोट उचलून दाबली तर स्वच्छ वेगळा लागतो. म्हणजे मींड कुठे घ्यायची ते बोटच ठरवतं. हार्मोनियमवर हे कधीच मिळालं नव्हतं. (१९८२ साली मुंबईतच वादक चरणजित सिंग यांनी रोलँडचा जुपिटर-८ सिंथ, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हा बेस सिंथ घेऊन राग वाजवले होते. त्यातला ३०३ एकाच आवाजाचा, आणि त्यातही सूर घसरवायची सोय आहे.)

पट्ट्या पंचवीस, अरुंद, आणि सुरुवात सी (पांढरी एक) ऐवजी ई (पांढरी तीन) पासून. पहिले आठ दिवस मी यावर चिडलो होतो. पांढरी एकचा सा धरला आणि मोजलं: मंद्र गंधारापासून तार गंधारापर्यंत. भावगीताला आणखी काय लागतं? काळी पाचला मात्र ऑक्टेव्हचं बटण सतत हलवावं लागतं.

एक फजिती. मशीन सेकंडहँड, ठाण्याहून आणलं, सोबत अडॅप्टर नव्हता. सहा एए सेलवर चालतं, पण रोज सेल कोण आणणार? एका दुकानात गिटार पेडलचा अडॅप्टर हातात ठेवून "नऊ व्होल्टचाच आहे, चालेल" म्हणाले. घरी येऊन खुणा बघितल्या म्हणून वाचलो. पेडलच्या अडॅप्टरला सहसा मध्ये निगेटिव्ह असतं, कोर्गला मध्ये पॉझिटिव्ह लागतं. मूळ अडॅप्टर १.७ अँपिअरचा आहे, तेही बघून घ्या. शेवटी योग्य अडॅप्टरसाठी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दोन फेऱ्या झाल्या. कटऑफचा नॉब खरखरत होता, म्हणून तिथूनच काँटॅक्ट क्लीनरही आणला. दोन फवारे मारले, नॉब पन्नासेक वेळा फिरवला, खरखर गेली.

सध्या बेंजो पार्टीतल्या बेंजोचा आवाज घडवतोय. स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहरीचा, जरा पोकळ आवाज), शेपच्या नॉबने ती जरा अरुंद केलेली. दुसरा ऑसिलेटर (सूर निर्माण करणारा भाग) किंचित बेसूर, कारण बेंजोच्या जोडतारा कधीच तंतोतंत जुळलेल्या नसतात. अटॅक शून्य, डिके छोटा, आणि भोंग्याचा फाटका आवाज ड्राइव्हच्या (आवाज फाडणाऱ्या) नॉबवर. परवा बाबांना हेडफोन दिला. ऐकून म्हणाले, "विसर्जनाचा वाटतो खरा, पण गंधार चढा आहे." बरोबरच होतं. इथे मायक्रोट्यूनिंग, म्हणजे एकेक सूर किंचित वर-खाली करणं, कामी आलं. ती सोय एफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराच्या आग्रहामुळे या मशीनमध्ये आली. शुद्ध गंधार १४ सेंट (सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली घेतला, शुद्ध निषाद १२. बाबांनी पुन्हा ऐकलं आणि हेडफोन परत दिलाच नाही.

उणीव एकच, रिव्हर्ब-डिले (आवाजाला घुमारा आणि प्रतिध्वनी देणारे इफेक्ट) काही नाही. डिलेचं पेडल दिवाळीनंतर बघू. हेडफोन लावला तरी पट्ट्यांची टकटक रात्री खोलीभर ऐकू येते, म्हणून खाली जुनी सतरंजी घडी करून ठेवली आहे.