करडईच्या तेलात अडकलेली दुनळी

मुळशीकडचे एक काका वडिलांची बारा बोअरची दुनळी बंदूक घेऊन आमच्या बंदुकांच्या दुकानात आले. वडील वारले होते आणि वारसाचा परवाना व्हायचा होता. तोवर हत्यार आमच्याकडं जमा. "अण्णा दर दसऱ्याला पूजेआधी तेल लावायचे," काका कौतुकानं म्हणाले. कुठलं? "घरचंच की. करडईचं."

करडईचं तेल वाळून रोगण होतं. वर्षानुवर्षांचे थर बसून बंदूक उघडायचा खटका, बिजागरी, घोडे सगळं मधाच्या रंगाच्या कवचात बसलं होतं. बंदूक उघडेचना.

"रिकामी आहे ना?"

"अहो, अण्णांनंतर कुणी हातच लावला नाही."

या उत्तरानं मला कधीच बरं वाटत नाही. बाजूला उभं राहून लाकडी काठी अलगद नळीत सोडली, तोंडापाशी खूण केली आणि काठी बाहेरून नळीला लावून पाहिली. उजवीकडं काठी तळापर्यंत गेली होती. डावीकडं अडीचेक इंच अलीकडंच थांबली. वाजलेल्या काडतुसाचं रिकामं टरफल असतं तर काठी त्याच्या आत, जवळजवळ तळाशी गेली असती. म्हणजे काडतूस भरलेलं. काकांना बाहेर बसवलं आणि नळ्यांची तोंडं वाळूच्या पोत्याकडं करून बंदूक शिकंजात आवळली. घोड्यांना हात लावला नाही.

कवच सोडवायचं आमचं द्रावण घरगुतीच. नाना पेठेतून एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल, बोहरी आळीतून मिनरल टर्पेंटाइन आणि ॲसिटोन, शिवाय रॉकेल. चारही समभाग. ही कृती एड हॅरिस या अमेरिकन माणसाची. तिच्या जुन्या अवतारात व्हेलचं तेल होतं, त्याच्या जागी त्यानं एटीएफ घातलं. पण ॲसिटोन लाखेचं पॉलिश खातं आणि बंदुकीचा लाकडी दस्ता अजून जागेवरच होता, म्हणून पहिल्या हाताला ते वगळलं. पिचकारीनं सांध्यांत थेंब थेंब सोडत राहिलो. हातोडी मारायचा मोह होतो. अशा वेळी चहा प्यावा.

दुसऱ्या दिवशी तळहाताच्या दाबानं खटका सरकला. डाव्या नळीत कागदी काडतूस फुगून बसलं होतं. समोरून काठीनं हळूहळू रेटून काढलं आणि पोलीस ठाण्यात कळवलं.

काका काडतुसाकडं बघतच राहिले. "पोरं हिच्यासमोर बसून आरती म्हणायची हो."

मग दस्ता उतरवून ॲसिटोन घातलेलं द्रावण वापरलं; खिडक्या उघड्या, देवापुढची उदबत्तीसुद्धा विझवलेली. कवच सुटलं, पण काडतूस होतं तिथं डाव्या नळीला गंजाचे खड्डे निघाले. त्या नळीतून बार काढायचा नाही, असं पावतीवरच लिहून दिलं.