पहाऱ्याचा तक्ता वाचा

कोपरखैरणे, घणसोलीच्या माथाडी वस्तीत सप्ताह बसला की कीर्तनात चोखोबा येतात, जनाबाई येतात, दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरला केलेलं उपोषणही येतं. सगळे माना डोलावतात. पण मंडळात कोणाला किती मान आहे हे पाहायचं तर खांबाला चिकटवलेला पहाऱ्याचा तक्ता वाचावा.

हिशेब साधा. वीणा सात दिवस अखंड. ती गळ्यात घेऊन उभं राहायची पाळी म्हणजे पहारा; तो दोन तासांचा धरला तर दिवसाला १२, एकूण ८४. हरिपाठाच्या वेळचा पहारा मोठी वर्गणी देणाऱ्याला, रात्री २ ते ४ चा नव्या बिऱ्हाडाला, बायकांना फक्त दुपार. याला ‘सोय’ म्हणतात! भाजी मार्केटला रात्री माल उतरवणाऱ्याची सोय मात्र कोणी विचारत नाही.

पंधरा दिवस आधी बैठक घ्या. नावं गोळा करा, ज्याची ड्युटी असेल ती वेळ वगळा आणि उरलेल्या पहाऱ्यांच्या चिठ्ठ्या लहान मुलाच्या हातून काढा. प्रत्येक पहाऱ्याला एक वीणेकरी, दोन टाळकरी, एक राखीव. रात्री १० नंतर माइक बंद असतो, तेव्हा टाळकरी कमी पडले की वीणेकऱ्याला पेंग येते.

राखीव लागतो तो मुख्यतः वीणा बदलताना. देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा खाली टेकवायची नसते. एखाद्या बाईच्या किंवा दलित वारकऱ्याच्या पाया पडायची वेळ आली की कोणीतरी ‘चहा घेऊन येतो’ म्हणत सटकतो, आणि वीणा गळ्यात असलेलं माणूस तसंच ताटकळतं. राखीवाने लगेच पुढे व्हावं. मंडपात वाद नको. नोंद वहीत करा आणि पुढच्या बैठकीत जाब विचारा. तो जुन्या, वजनदार सभासदाने विचारावा. अपमान झालेल्यानेच दरवेळी धीटपणा दाखवायचा, हे काही बरोबर नाही.

पत्रिकेत कलशपूजन ‘दांपत्याच्या हस्ते’ छापलं की विधवा आपोआप बाहेर. ‘कुटुंबाच्या हस्ते’ छापा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथाबंदीचा ठराव केला, मग आपल्याला एक शब्द बदलायला काय हरकत आहे?

कोणाची वर्गणीच घ्यायची नाही, पंगतीला बसू द्यायचं नाही, इथवर गेलं तर तो रुसवा-फुगवा राहत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि काल्याच्या दिवशी उष्ट्या पत्रावळी कोण उचलणार, त्याच्या चिठ्ठ्याही त्याच डब्यातून काढा. अध्यक्षांचं नाव वगळू नका.