पट्टी मोठ्यानं वाचायची : ईसीजी आणि छातीचा एक्स-रे शिकतानाचा माझा अनुभव

पुस्तकातला हार्ट अटॅकचा ईसीजी ठसठशीत असतो, आणि न्यूमोनियाचा एक्स-रे लांबूनही ओळखता येतो. इंटर्नशिपला मेडिसिनच्या कॅज्युअल्टीत उभी राहिले तेव्हा हातात आलेल्या ईसीजीच्या कागदी पट्ट्या मात्र थरथरलेल्या होत्या, घामानं निसटणाऱ्या इलेक्ट्रोडच्या. एक्स-रे तर बरेचसे पेशंटला खाटेवरच ठेवून काढलेले.

आमच्या युनिटच्या रेसिडेंट मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "निदान नको सांगूस. काय दिसतंय ते क्रमानं बोल." राउंड संपला की मी त्यांच्यासमोर पट्टी मोठ्यानं वाचायचे. आधी नाव आणि वेळ. मग कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर आहे ना, १० मिलिमीटर म्हणजे १ मिलिव्होल्ट आहे ना, हे पाहायचं. दोन आर लाटांमधले (आर म्हणजे ठोक्याचं उंच टोक) मोठे चौकोन मोजून ३०० ला त्यांनी भागायचं, की रेट, म्हणजे मिनिटाचे ठोके, मिळतो. त्यानंतर रिदम (ठोक्यांची लय), ॲक्सिस (विजेची एकूण दिशा), पी (वरच्या कप्प्यांची लाट), पीआर (पीपासून क्यूआरएसपर्यंतचं अंतर), क्यूआरएस (खालच्या कप्प्यांची लाट), आणि एसटी-टी (त्यापुढची रेघ आणि लाट, जिथं अटॅक दिसतो) सगळ्यात शेवटी. नजर एसटीकडे धावायची, मॅडम ती परत मागे आणायच्या. त्याचा फायदा लवकरच कळला. लीड म्हणजे हृदयाकडे बघण्याचा एक कोन. लीड वनमध्ये सगळं उलटं आणि एव्हीआर या लीडमध्ये सरळ दिसलं, की बहुतेक वेळा दोन्ही हातांच्या वायरींची अदलाबदल झालेली असते. हे ध्यानात आलं नाही, तर धडधाकट माणसाच्या पट्टीवरही भलतंच निदान चिकटतं.

मी सगळ्यात जास्त वेळ दिला तो एव्हीएलला. टू, थ्री आणि एव्हीएफ या लीड हृदयाकडे खालून बघतात, एव्हीएल डाव्या खांद्याच्या बाजूनं. थ्री आणि एव्हीएल जवळजवळ समोरासमोर असल्यामुळे खालच्या भिंतीचा अटॅक थ्रीमध्ये वर दिसतो आणि एव्हीएलमध्ये खाली. पुष्कळदा तर एव्हीएलच आधी खाली झुकतं.

बॉण्डच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या, वर्षी ग्रामीण रुग्णालयात हे फार उपयोगी पडलं. पन्नाशीचे एक काका पहाटे आले. "पित्त खवळलंय, मॅडम, एक इंजेक्शन द्या फक्त," एवढंच त्यांचं म्हणणं. कपाळावर घाम होता. छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखतंय म्हणणाऱ्याचा ईसीजी १० मिनिटांच्या आत, हा आमच्या सिस्टरांचा दंडकच होता, त्यामुळे मी पोहोचले तोवर पट्टी निघालीही होती. मशीननं वर छापलं होतं "नॉर्मल". टू आणि एव्हीएफमध्ये बोट ठेवण्यासारखं काही नव्हतं. थ्रीमधला टी मात्र शेजारच्या बारक्या क्यूआरएसच्या मानानं चांगलाच जाड होता, आणि एव्हीएलमध्ये एसटी जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली, टी उलटा. त्यांना खाटेवरच ठेवलं, अ‍ॅस्पिरिन चघळायला दिली आणि १५ मिनिटांनी त्याच जागी इलेक्ट्रोड लावून पुन्हा पट्टी काढली. टू, थ्री, एव्हीएफ तिन्हींत एसटी वर आलेला, थ्रीमध्ये टूपेक्षा जास्त. म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी उजवी कोरोनरी धमनी बंद झाल्याचा संशय. म्हणून एरवी छातीच्या डावीकडे लागणारा व्ही-फोर या लीडचा इलेक्ट्रोड छातीच्या उजव्या बाजूला त्याच जागी लावून बघितलं, तर तिथंही एसटी वर. उजव्या जवनिकेलाही (हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्यालाही) मार बसला होता. अशा पेशंटच्या जिभेखाली नायट्रेटची (रक्तवाहिन्या सैल करणारी) गोळी ठेवली तर बीपी धाडकन कोसळू शकतं, त्यामुळे ती दिली नाही. दोन्ही पट्ट्यांचे फोटो जिल्ह्याच्या फिजिशियन सरांना पाठवले, त्यांच्याशी बोलून गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन दिलं आणि १०८ नं काकांना पुढे धाडलं.

माझं ठाम मत आहे, की एका पट्टीवर पेशंटला घरी पाठवू नये. दुखणं चालू असेल तर पुन्हा काढा, आणि जुनी पट्टी घरी असेल तर नातेवाइकांना आणायला सांगा. पोटॅशियम वाढलेल्या किडनीच्या पेशंटमध्ये टी उंच, अरुंद आणि टोकदार होतो, मग पी सपाट होत जातो, क्यूआरएस रुंदावतो. क्यूआरएस रुंदावलेला दिसला तर लॅबच्या रिपोर्टसाठी न थांबता कॅल्शियम ग्लुकोनेट द्यायचं असतं.

एक्स-रे बघायला लागले की नातेवाईक दारातूनच विचारायचे, "डाग आहे का हो?" टीबीची भीती आपल्याकडे अशी त्या एका शब्दात असते. उत्तर देण्याआधी मी फिल्म घेतलीय कशी ते बघते. समोरून किरण सोडून झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये हृदय आहे त्याहून मोठं दिसतं. छातीच्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा मोठं म्हणजे वाढलेलं, हा हिशोब पाठीमागून किरण सोडून उभ्यानं काढलेल्या फिल्मचा. गळ्याच्या दोन्ही हाडांची आतली टोकं मणक्याच्या मध्यापासून सारख्या अंतरावर हवीत, आणि श्वास पुरता भरलेला असेल तर मागच्या ९-१० बरगड्या मोजता येतात.

मग ज्या जागा डोळा हमखास वगळतो, तिथं मुद्दाम जायचं : फुप्फुसांची टोकं, हायलम (फुप्फुसात रक्तवाहिन्या आणि श्वासनळ्या शिरतात ती जागा), हृदयामागचा भाग, छाती आणि पोटामधल्या पडद्याखालची जागा. खोकला आणि तापानं आलेल्या एका आजींची फिल्म पहिल्या नजरेला साफ वाटत होती. पण डाव्या पडद्याची रेघ हृदयाच्या मागे जाताना मध्येच पुसली गेली होती. हवा भरलेलं फुप्फुस पडद्याला टेकलेलं असतं म्हणून ती कड दिसते. फुप्फुसात हवेच्या जागी पू-पाणी भरलं की दोन्हींची घनता सारखी होते आणि कड हरवते. बाजूनं फिल्म काढली. मणके खाली जाताना काळे होत जायला हवेत, तिथं ते उलट पांढरे झाले होते. डाव्या फुप्फुसाच्या खालच्या लोबचा (भागाचा) न्यूमोनिया.

न्यूमोथोरॅक्सची, म्हणजे फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठल्याची, रेघ केसाइतकी बारीक असते. तिच्या बाहेर रक्तवाहिन्यांची नक्षी नसते, हीच तिची खूण. त्वचेची घडीही तशीच भासते, पण नक्षी घडीच्या पलीकडेही चालूच राहते. मात्र दम लागलाय, बीपी पडतंय, एका बाजूला हवा जातच नाहीये आणि श्वासनलिका सरकलीय, असा पेशंट समोर असेल तर एक्स-रे रूमकडे स्ट्रेचर न्यायचाच नाही, आधी सुई घालून छातीतली हवा सोडायची. फिल्म त्यानंतर काढतात, फुप्फुस किती उघडलं आणि हवा काढायला छातीत घातलेली नळी नीट बसली का ते बघायला.