केअरर? नाही हो, मी सून

शुक्रवारी मला कोविडची लस मिळाली (मार्च २०२१ ची गोष्ट). वय ४१, बीपी नाही, शुगर नाही, दमा नाही, मी डॉक्टर नाही आणि नर्सही नाही, तरी मिळाली. दादाला सांगितलं तर त्याचा पहिला प्रश्न, "वशिला लावलास काय?" आता इथे इंग्लंडमध्ये कुणाकडे लावणार वशिला, मला अजून कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा हे धड कळत नाही. वशिला नाही, यादीच तशी होती. इथे लस आधी कुणाला द्यायची त्या यादीतल्या सहाव्या गटात जसे आजार असलेले लोक होते तसेच 'अनपेड केअरर' पण होते, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या नाहीतर आजारी माणसाचं सगळं फुकट करणारे. हा माणूस पडला तर पुढचा माणूसही पडतो, म्हणून याला आधी टोचा, असा साधा हिशोब.

तर मी केअरर आहे. हे मला ऑक्टोबरमध्ये कळलं.

सासूबाईंच्या फ्लूच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांकडे फोन केला होता. रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं, तुम्ही त्यांच्या केअरर का? मी म्हटलं नाही नाही, मी सून. आणि जरा घुश्शातच म्हटलं, कारण केअरर म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे ब्युरोची बाई येते, बारा तासांची ड्यूटी, डबा घेऊन येणारी, महिन्याच्या महिन्याला पैसे घेणारी. मी काय पगारावर आहे का? त्या हसल्या, म्हणाल्या, "यू कॅन बी बोथ, मी डक." (हे 'मी' म्हणजे 'माय'; आमच्या लेस्टरमध्ये येताजाता कुणालाही बदक म्हणतात, पहिल्या वर्षी मी नवऱ्याला विचारलं होतं की माझ्या चालण्यात काही आहे का.) मग काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला, मलाही फ्लूची सुई फुकट मिळेल म्हणाल्या, आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, "आणि तुम्ही कशा आहात?" मी म्हटलं, मस्त. आणि फोन ठेवून जिन्यात बसून रडले, कारण काय म्हणाल तर काहीही नाही.

गेलं वर्ष कसं गेलं ते सांगत बसत नाही, तुमचंही तसंच गेलंय. फक्त आमची आकडेमोड: सासूबाई आठवड्यातून तीन दिवस डे सेंटरला जायच्या, ते मार्च २०२० मध्ये बंद झालं ते वर्षभर बंदच होतं. लेकीची शाळा २० मार्चला बंद, सप्टेंबरला सुरू, जानेवारीत परत बंद. मधे जुलैमध्ये बाकीचं इंग्लंड पबमध्ये जाऊन बसलं आणि लेस्टर तेवढं कुलपात, कारण आमच्याकडे केसेस जास्त. नवरा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, लेक डायनिंग टेबलवर अपूर्णांकात, मी तिच्या शेजारी ऑफिसची बिलं एंटर करत, आणि सासूबाईंचा डिमेन्शिया कुणाच्याच टाइमटेबलमध्ये न बसणारा. दुपारी चारनंतर इथे हिवाळ्यात अंधार पडायला लागला की त्यांची तगमग सुरू व्हायची. त्या बत्तीस वर्षं शिक्षिका होत्या. पर्स काखेत, कोट उलटा घातलेला, दाराशी उभ्या राहून म्हणायच्या, "अगं बाई, शाळा सुटली, मुलं थांबलीयत, सोड मला." रोज. मी रोज सांगायचे, आई, आज सुट्टी आहे. पहिले काही महिने प्रेमाने सांगायचे. जानेवारीत एकदा ओरडले, "नाहीये शाळा, इथल्या सगळ्या शाळा बंद आहेत!" हे तर खरंच होतं, म्हणून त्यांना ते आणखीच खोटं वाटलं आणि त्या घाबरल्या. लेकीने तेव्हा पुस्तक मिटलं आणि आजीचा हात धरून तिला तिच्या खोलीत नेलं, तिथे टेडी ओळीत बसवले आणि आजीला हजेरी घ्यायला लावली. नऊ वर्षांची पोरगी. मला हे सुचलं नाही याचा अभिमान वाटावा का लाज, ते अजून ठरत नाहीये.

डॉक्टरांनी मला फोनवर डिप्रेशन तपासायचे ते नऊ प्रश्न विचारले होते, गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा असं असं वाटलं, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, एकूण सत्तावीस, आणि मार्क जितके जास्त तितके तुम्ही नापास. मला चौदा. सहावा प्रश्न असा की आपण घरच्यांना कमी पडलो असं वाटतं का. अहो, हा काय प्रश्न झाला? लग्न झालेल्या कुठल्याही मराठी बाईला विचारा, तिथे तीनपैकी तीन आहेत. शेवटचा प्रश्न मरणाबद्दल असतो. तिथे मी लगेच नाही म्हटलं, आणि खरंच नाही, पण फारच लगेच म्हटलं हे माझं मलाच ऐकू आलं. मग आठवड्यातून एकदा फोनवर बोलायला एक थेरपिस्ट मिळाली. तो फोन मी दारात लावलेल्या गाडीत बसून घेते, सीटबेल्ट लावून. बेल्ट का लावते विचारू नका. आमच्या घरात आतून कडी लागणारी दुसरी जागा बाथरूम आहे आणि तिथे कुणीतरी दर चार मिनिटांनी दार वाजवतं.

पण मला खरा धक्का बसला तो नोव्हेंबरमध्ये. कौन्सिल, म्हणजे इथली महापालिका, केअररचं असेसमेंट करतं, पेशंटचं नाही, करणाऱ्याचं. २०१४ च्या केअर अ‍ॅक्टमध्ये तो हक्कच आहे. कोविडमुळे तेही फोनवर. किती तास करता, रात्री किती वेळा उठता, पाठ दुखते का, मैत्रिणींना शेवटचं कधी भेटलात (भेटायला बंदी आहे बाई, तुमच्याच सरकारची), आणि मग अगदी दुधाचा हिशोब विचारावा तशा आवाजात कौन्सिलच्या बाईने विचारलं, हे पुढे करत राहायची तुमची क्षमता आहे का, आणि तयारी आहे का?

तयारी आहे का.

मी म्हटलं, म्हणजे? ती म्हणाली, कायद्याने मला विचारावंच लागतं, कारण तुम्ही हे करायलाच पाहिजे असं नाहीये.

पंधरा वर्षं झाली लग्नाला. हळदीकुंकवाला किती वाण लुटायचे इथपासून मूल कधी इथपर्यंत सगळ्यांनी सगळं विचारलं, हे कुणीच विचारलं नव्हतं. नवऱ्यानेही नाही, आणि तो चांगला आहे हो, उगाच कमेंटमध्ये त्याच्यावर घसरू नका, रात्रीची बाथरूमची पाळी त्याचीच असते आणि आईची नखं तोच कापतो. पण त्याला कधी वाटलं नाही की हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. मलाही नाही वाटलं. मी तिला हो म्हटलं. अर्थात हो म्हटलं. आणि मग चिडले, म्हणजे आतल्या आत, की तुमच्याकडे आईबाप सांभाळायला तयार आहात का असा फॉर्म भरून घ्यावा लागतो, आमच्याकडे नाही बाबा लागत, आमच्याकडे नात्यात ते येतंच.

हा माझा ठेवणीतला डायलॉग. शेजारणीने तिच्या आईला होममध्ये ठेवलं तेव्हाही मी घरी येऊन हाच म्हटला होता, बरंच नाक वर करून. ती शेजारीण वर्षभर त्या होमच्या खिडकीबाहेर उभी राहून काचेतून आईशी बोलत होती, पावसात छत्री धरून. मग ८ मार्च २०२१ पासून एका माणसाला आत सोडायला लागले आणि हात हातात घेता यायला लागला. सोमवारी परत आली तर कुंपणापलीकडून मला म्हणाली, "तिचे हात किती बारीक झालेत." मी काय बोलणार.

आणि तुम्हाला वाटत असेल की इथलं सरकार केअररला डोक्यावर घेऊन नाचतं, तर थांबा, हे ऐकाच, कारण यावर मी गेले सहा महिने धुमसतेय. केअरर्स अलाउन्स म्हणून एक प्रकार आहे. आठवड्याला किमान ३५ तास केलंत तर तेव्हा, म्हणजे २०२०-२१ मध्ये, मिळायचे ६७.२५ पौंड. भागाकार करा, तासाला दोन पौंडसुद्धा नाहीत. घरात दोन आजारी माणसं असली तरी एकच अलाउन्स. आणि बाहेर नोकरी करत असाल तर आठवड्याची कमाई तेव्हा १२८ पौंडांच्या वर जाऊन चालायचं नाही. वर गेली तर थोडा कमी होतो असं नाही, पूर्ण जातो. मी आठवड्याला चौदा तास काम करायचे, ९ पौंडाने १२६. साहेब म्हणाला, काम वाढलंय, एक तास जास्त कर. केला असता तर ९ पौंड आले असते आणि ६७.२५ गेले असते. हे त्याला मी दोनदा समजावलं, तरी त्याला वाटतं मला कामाचा कंटाळा आहे. गुरुवारी रात्री आठला दारात उभं राहून टाळ्या वाजवायचे ना २०२० मध्ये, केअरर्ससाठी म्हणून, मीही स्टीलचं ताट घेऊन वाजवायचे, २२ मार्चला तुम्ही वाजवलंत तसंच. त्या टाळ्या पगारवाल्यांसाठी होत्या. बिनपगारी लोक केअरर्स यूके नावाच्या संस्थेच्या जून २०२० मधल्या अंदाजाप्रमाणे १ कोटी ३६ लाख, त्यातले ४५ लाख कोविडमध्ये नवीन भरती झालेले. एवढे सगळे टाळ्या वाजवण्यात बिझी असणार.

तरी यादी आहे. हे मी मान्य करते, जड जातं पण करते. कुठेतरी एका कॉम्प्युटरवर माझ्या नावापुढे एक शब्द आहे आणि त्या शब्दामुळे शुक्रवारी सुई टोचली गेली.

आणि आता जे लिहायला बसले होते ते. माझी आई पुण्यात, हडपसरला, दादा-वहिनीकडे. ७८ वर्षांची, खुब्याचं हाड मोडल्यापासून वॉकरवर. तिचं सगळं वहिनी करते. मी इथे नवऱ्याच्या आईचं करते आणि माझ्या आईचं माझ्या भावाची बायको करते, आणि वहिनीच्या आईचं नाशिकला तिची भावजय. प्रत्येक बाई दुसऱ्याच कुणाच्या तरी आईला अंघोळ घालतेय. लॉकडाऊनमध्ये सोसायटीने कामवाल्या बंद केल्या, फिजिओ बंद, भाच्याची शाळा मोबाइलवर, ती वर्षभर मोबाइलवरच राहिली, आणि वहिनीच्या ट्यूशनही त्याच मोबाइलवर.

माझ्या लसीच्याच दिवशी ती आईला लसीला घेऊन गेली. साठच्या वरच्यांना १ मार्च २०२१ पासून सुरू झालं होतं ना. रिक्षातून, वॉकर आडवा धरून, अडीच तास रांगेत. आईला दिली. वहिनीने सहज विचारलं मला पण मिळेल का, यांचं सगळं मीच बघते. सिस्टरने वय विचारलं. ४३. नाही. वहिनी हसत हसत सांगत होती, "म्हातारी झाले की देतील." सीरमची फॅक्टरी तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, तिथूनच इथे इंग्लंडात १ कोटी डोस यायचेत अशी तेव्हा बातमी होती, आणि माझ्या दंडात जी गेली तीही तीच ऑक्सफर्डची. मी तिला माझ्या लसीचं सांगितलं तेव्हा माझा आवाज आपोआप बारीक झाला होता.

मग मला वाटलं, आपण तरी विचारावं. शनिवारी सकाळी फोन केला, ते ३५ तासांच्या अलाउन्सचं सांगितलं, आणि म्हटलं वहिनी, इथे असं असं विचारतात, तर तू सांग, हे सगळं करायची तुझी तयारी आहे का? मला वाटत होतं तिलाही माझ्यासारखं भरून वगैरे येईल.

ती म्हणाली, "आणि नाही म्हटलं तर? तू येणार आहेस का?"

रागाने नाही म्हणाली. खरंच विचारत होती, भाजी निवडता निवडता. मी लगेच सुरू झाले, की अगं विमानं धड नाहीत, इथून निघायलाही कारण लिहून द्यावं लागतंय, परत आल्यावर दहा दिवस क्वारंटाइन, टेस्टचेच २१० पौंड, आणि मी आले तर सासूबाईंना कोण बघणार, मी काय इथे मजा मारतेय का. सगळं खरं होतं. पैसे दर महिन्याला पाठवते हेही म्हणाले, ते नव्हतं म्हणायला पाहिजे. ती "हो गं, माहितीय" म्हणाली आणि मग "आई हाक मारतायत" म्हणून तिने फोन ठेवला.

रात्री तिचा मेसेज आला. आईंना ताप नाही, थोडा हात दुखतोय, झोपल्या. मी अंगठा पाठवला. मग दहा मिनिटांनी परत एक आला.

"ते ३५ तास आठवड्याचे का? मला वाटलं दोन दिवसांचे."