नेट-मराठी आणि काव्यशास्त्राच्या संज्ञा : माझा अनुभव

मराठी विषय घेऊन नेटला, म्हणजे सहायक प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला, बसणाऱ्या बहुतेकांना धास्ती असते ती काव्यशास्त्राची. दुसऱ्या पेपरात 100 प्रश्न, 200 गुण. पहिल्या पेपरचे 50 प्रश्न धरून सलग तीन तास. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेवढा दिलासा. पण 'जोड्या लावा' आणि 'विधान-कारण' या प्रश्नांना नुसती पाठ केलेली व्याख्या पुरत नाही. तिथे शेजारशेजारच्या दोन संज्ञांमधली सीमा विचारलेली असते. म्हणून आधी ओळ हातात घ्यायची, तिच्यात काय घडतंय ते पाहायचं आणि मग त्या घडण्याला शास्त्रात काय म्हणतात ते शोधायचं, असं मी ठरवलं. अभ्यास सुरू करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याची, नोकरी महापेला. शनिवार-रविवारी गाडीने ठाणे गाठायचं आणि 1893 सालच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन बसायचं, हा नेम. वाङ्मयकोशाचा समीक्षा-संज्ञांचा खंड तिथेच वाचला.

अलंकारांसाठी मी एकच विषय घेतला, आमच्या खाडीतले रोहित पक्षी (फ्लेमिंगो). हिवाळ्यापासून ऐरोलीच्या बाजूला गुलाबी थवे दिसतात. त्या एका दृश्यावर स्वतःच ओळी रचत गेले. 'रोहित कमळांसारखे दिसतात' ही उपमा. 'रोहित म्हणजे जणू कमळंच' म्हटलं की उत्प्रेक्षा. इथे सारखेपणा नुसता सांगितलेला नाही, उपमेय (ज्याची तुलना करायची ते, इथे रोहित) हे उपमानच (ज्याच्याशी करायची ते, इथे कमळ) असावं अशी कल्पना केली आहे. 'हे पक्षी नव्हेत, ही कमळं' : पक्षीपण सरळ नाकारलं, म्हणून अपन्हुती. 'कमळ एका जागी खिळलेलं, रोहित तर आकाशही रंगवतो' : उपमेय उपमानाच्या वर गेलं, व्यतिरेक. 'रोहितासारखा रोहितच' : तुलनेला दुसरं काहीच नाही, अनन्वय. ससंदेह आणि भ्रांतिमान यांत माझ्याबरोबरच्या अनेकांची गल्लत व्हायची. 'पक्षी की कमळं?' असं मन दोन्हीकडे हेलकावत राहिलं तर ससंदेह. कमळ समजून भुंगा थेट पक्ष्याकडे झेपावला, तर भ्रांतिमान; तिथे शंका उरलेलीच नाही, चुकीची खात्री आहे. असं एका दृश्याला सगळ्या अलंकारांतून फिरवून आणलं की भामहापासून मम्मटापर्यंतचे आचार्य इतके बारीक भेद का करत बसले ते कळतं. प्रत्येक भेद म्हणजे मनाची पाहण्याची एक वेगळी तऱ्हा आहे. मला त्या माणसांबद्दल मनापासून आदर वाटू लागला.

शब्दशक्ती, म्हणजे शब्दाच्या अर्थ पोचवण्याच्या रीती, मला सगळ्यात जास्त आवडल्या. 'गङ्गायां घोषः' हे उदाहरण प्रत्येक पुस्तकात असतं : गंगेवर गवळ्यांची वस्ती. प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणून मुख्य अर्थ अडतो. मग प्रवाहाशी जोडलेला काठ हा अर्थ घ्यावा लागतो. आणि 'काठावर' असं साधं न म्हणण्यामागे काही हेतू असतो, वस्तीचा गारवा आणि पावित्र्य सुचवण्याचा. मुख्यार्थबाध, मुख्यार्थयोग आणि रूढी किंवा प्रयोजन, या लक्षणेच्या, म्हणजे मुख्य अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला अर्थ घेण्याच्या, तीन अटी. मला त्या पक्क्या झाल्या त्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत. 'अख्खं ठाणं रस्त्यावर उतरलंय,' असं शेजारी उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या. शहर रस्त्यावर उतरत नाही. उतरतात शहरातली माणसं. पण 'खूप माणसं आलीत' म्हटलं असतं तर तो उत्साह त्यात आला असता का? तो उत्साह आपल्याला पोचतो तो व्यंजनेने, म्हणजे थेट न सांगता सुचवण्याच्या शक्तीने. आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मीरमध्ये ध्वनी, म्हणजे असा सुचवलेला अर्थ, हा काव्याचा आत्मा मानला, त्याची ताकद मला तिथे गर्दीत उभं राहून जाणवली.

छंद-वृत्तांना गुरू घरातच होते. अण्णा वाशीच्या मार्केटला माथाडी होते आणि आमच्या सेक्टरच्या भजनी मंडळात म्हणतात. मोठ्या अभंगाचे चार चरण, पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक, असं मी वहीत मांडत होते. अण्णा म्हणाले, "पोरी, बोटं कसली मोजतीस? टाळ घे आणि म्हण. शेवटचा चरण आखूड पडतो तो आपसूक कळतो." तसंच झालं. लहान अभंग, आठ-आठ अक्षरांचा, त्याच रात्री कानात बसला.

अक्षरगणवृत्तांसाठी 'यमाताराजभानसलगम्' हे सूत्र पुरेसं आहे. गण म्हणजे तीन अक्षरांचा गट; ज्या गणाचं अक्षर, तिथून तीन अक्षरं घ्यायची. 'य'साठी यमाता, म्हणजे लघु-गुरु-गुरु. असे चार 'य' ओळीने आले की बारा अक्षरांचं भुजंगप्रयात, आणि मनाचे श्लोक ज्याच्या कानावर पडलेत त्याला हे वृत्त येतंच. जोडाक्षराच्या आधीचा लघु आघात आल्यास गुरु होतो, एवढं ध्यानात ठेवायचं. शार्दूलविक्रीडित (19 अक्षरं) आणि मंदाक्रांता (17) घणसोली ते ठाणे प्रवासात तोंडी घोकली.

रस कसा निर्माण होतो ते सांगणाऱ्या भरताच्या रससूत्रावरचे चार भाष्यकार, भट्टलोल्लट, श्रीशंकुक, भट्टनायक, अभिनवगुप्त, यांचे वाद मात्र नाटक पाहिल्याशिवाय उलगडत नाहीत असं माझं ठाम मत आहे. रंगमंचावरच्या बापाचं दुःख त्या नटाचं नसतं, माझ्या बापाचंही नसतं, तरी घसा दाटून येतो. भावना कोणा एकाची न राहता सगळ्यांची होणं, भट्टनायकाचं साधारणीकरण ते हेच. शंकुकाने चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला : तो खरा घोडा नाही, खोटाही म्हणता येत नाही, तरी आपण त्याला घोडाच म्हणतो. नाटक पाहून आल्यावर हा दाखला वाचा, फरक पडेल.

पाश्चात्त्य संज्ञा तुलनेने सोप्या गेल्या. कोणती कल्पना कोणाची आणि कधीची, ही जोडी घट्ट असली की पुरे : अपरिचितीकरण (ओळखीची गोष्ट अनोळखी करून दाखवणं) श्क्लोव्हस्कीचं, 1917, वस्तुनिष्ठ सहसंबंधी (विशिष्ट भावना जागवणारी वस्तू किंवा प्रसंग) एलियटच्या 1919 च्या लेखातला, अविश्वासाचं स्वेच्छेने स्थगन (कल्पित आहे हे माहीत असून तेवढ्यापुरतं खरं मानणं) कोलरिजचं, 1817.

परीक्षेत काव्यशास्त्राचे प्रश्न मी सगळ्यांत आधी सोडवले आणि सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र झाले. आता ग्रंथालयात ओळख झालेल्या दोघी-तिघी माझ्याकडे वह्या घेऊन येतात. त्यांचा नेहमीचा प्रश्न दृष्टांत आणि अर्थांतरन्यासाचा असतो, म्हणून तो इथेच सांगून टाकते. दोन स्वतंत्र गोष्टी आरशातल्या बिंब-प्रतिबिंबासारख्या समोरासमोर ठेवल्या तर दृष्टांत. विशेष गोष्टीच्या समर्थनाला सामान्य तत्त्व आणलं, किंवा उलट, तर अर्थांतरन्यास. ओळीत सगळ्यांना लागू पडणारं विधान आहे का, ते आधी शोधा.