मस्टँगच्या कापडी टपाची फडफड कशी थांबली

माझ्याकडे १९६६ सालची फोर्ड मस्टँग कन्व्हर्टिबल, म्हणजे घडी होणाऱ्या कापडी टपाची गाडी आहे. टप पांढऱ्या रेक्झिनचा, मागची काच प्लॅस्टिकची. ताशी ६० किलोमीटरपर्यंत गाडी शांत चालायची. ७० ओलांडले की डाव्या कानाशी फडफड सुरू व्हायची आणि ९० ला टप मधोमध फुगून घुमटासारखा दिसायचा.

ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, कापड जुनं झालंय, नवा टप चढवून टाक. मला ते पटत नव्हतं. कापड मळलं होतं, शिवणीचा दोरा उन्हाने विटला होता, पण फाटलेलं कुठेच नव्हतं. शिवाय कापडच दोषी असेल तर फडफड फक्त डावीकडे का?

टप फुगतो तो वारा आत घुसल्यामुळे, असा सर्रास समज आहे. त्यात थोडं तथ्य आहे, पण मोठं काम बाहेरच्या वाऱ्याचं. समोरच्या काचेवरून चढून टपावरून जाताना हवेचा वेग वाढतो आणि तिचा दाब उतरतो. आतला दाब त्या मानाने जास्त राहतो, म्हणून कापड वर ओढलं जातं. ताशी १०० किलोमीटरला समोरून अडवलेल्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ४७ किलो वजनाएवढा भरतो. टपावरची ओढ हा त्याचाच एक हिस्सा, पण टपाखालच्या सांगाड्याच्या दोन आडव्या कमानींमध्ये नुसत्या ताणावर उभ्या असलेल्या कापडाला तेवढीही पुरते. आणि दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० वरून ९० वर गेलं की वेग दीडपट होतो, ओढ मात्र सव्वादोन पट. माझ्या गाडीचा टप ६० ला का गप्प असतो ते इथे कळलं.

मग बहिणीला गाडी चालवायला सांगून मी मागच्या सीटवर बसलो आणि टपाला आतून तळहात लावला. आधी डॅशबोर्डखालून ताजी हवा आत सोडणारी झडप बंद केली. या गाडीत ती हवा समोरच्या काचेच्या पायथ्याच्या जाळीतून येते, आणि नेमका तिथेच वाऱ्याचा दाब भरपूर असतो. झडप बंद होताच फुगवटा थोडा बसला. काच दोन बोटं खाली केली तेव्हा आणखी बसला. डावी फडफड मात्र जशीच्या तशी. म्हणजे दुखणी दोन होती, आणि ती वेगवेगळी शोधायला हवी होती. हात फिरवल्यावर दोन गोष्टी जाणवल्या. समोरून दुसऱ्या कमानीवरून कापड सुटून वर जात होतं आणि वेग उतरला की परत त्या कमानीवर आपटत होतं. दारावरच्या डाव्या काचेच्या वरची टपाची कड बोटांखाली सारखी थरथरत होती, उजवीकडची ताठ होती. थांबून समोरच्या सांध्यावर बाहेरून मास्किंग टेप लावली, काही फरक पडला नाही. तीच टेप डाव्या कडेवर लावली तर फडफड बंद!

हे सगळं टप बसवणाऱ्या कारागिराला सांगितलं. ते म्हणाले, "कापड राहू द्या, आधी खाली काय आहे ते बघू." त्यांनी समोरच्या काचेवर टेकणाऱ्या पुढच्या पट्टीचे स्टेपल एकेक करून उपटले आणि टप मागे सारला.

डावीकडे कारण हातातच आलं. या टपाच्या दोन्ही कडांना आतून एक अरुंद बोगदी शिवलेली असते आणि तिच्यातून पोलादी तार जाते. तारेचं एक टोक स्प्रिंगने सांगाड्याला धरलेलं असतं. टप वर केला की तार ताणली जाते आणि कड काचेच्या वरच्या रबरावर दाबून ठेवते. माझी डावी तार स्प्रिंगपाशीच गंजून तुटली होती. तुटलेल्या टोकाचे धागे पिंजले होते, हाताला गंजाची तांबडी भुकटी लागली. बाहेरून बघून हे कुणालाच कळलं नसतं.

फुगवट्याचं कारण पॅडमध्ये होतं. पुढच्या पट्टीपासून मागच्या कमानीपर्यंत दोन्ही बाजूंना फोम भरलेल्या पट्ट्या जातात. कापड लोखंडावर घासू नये एवढंच त्यांचं काम नाही, कमानींमधलं अंतरही त्याच धरून ठेवतात. फोमचा पार भुगा झाला होता आणि आतली नाडी सैल पडली होती. दुसरी कमान मागे कलंडली होती. अशा सांगाड्यावर नवं कोरं कापड चढवलं असतं तरी ते फुगलंच असतं, हे मला आजही कळकळीने सांगावंसं वाटतं.

कापडही शेवटी बदललं. रेक्झिनला मऊ ठेवणारा अंश काळाने निघून जातो, मग ते आकसतं आणि कडक होतं. एकदा उचकटलेलं जुनं रेक्झिन पुन्हा त्याच जागी ताणून बसत नाही. घडी होताना कमान जिथे टेकते तिथे खालची वीणही दिसू लागली होती.

बसवण्याचा क्रम मला महत्त्वाचा वाटला. आधी पॅड आणि तारा. मग मागच्या कमानीची उंची मोजून ती दोरीने बांधून टाकली, कारण ती हलली की पुढची सगळी मापं चुकतात. त्यानंतर मागची काच, आणि कापड सगळ्यात शेवटी, तेही चांगलं ऊन पडल्यावर, कारण थंड रेक्झिन ताण घेत नाही. टप समोरच्या काचेच्या चौकटीला अडकवणारे पुढचे खटके लावून कापडावर पट्टीच्या कडेने खडूची रेघ ओढली, खटके सोडले आणि रेघेच्या थोडं पुढे ओढून स्टेपल मारले. खटके परत लावताना जोर लागला आणि टपावर टिचकी मारली तर टणक आवाज आला. स्टेपल स्टेनलेस स्टीलचे वापरले.

आता ९० ला टप जागचा हलत नाही. पुढच्या छोट्या तिकोनी काचेपाशी बारीक शिट्टी तेवढी उरली होती. नव्या टपाने काचांची जागा किंचित बदलते, म्हणून दाराच्या काचा पुन्हा लावून घेतल्या. रबर आणि काच यांच्यात कागदाची पट्टी धरून काच बंद करायची आणि पट्टी ओढायची. जिथे ती सहज निघाली तिथे काच आत झुकवली, आणि शिट्टी गेली. टप मात्र अजून काही आठवडे उघडणार नाही, रेक्झिनला ताणून बसायला तेवढा वेळ द्यायचा आहे. नंतरही घडी घालायची ती उबदार हवेतच, प्लॅस्टिकच्या काचेच्या घडीत सुती कापड ठेवून.